तुपाची पारख : मेदमिश्रणाच्या विश्लेषणाचे रसायनशास्त्र

मिश्रणात कोणते घटक किती प्रमाणात आहेत हे ठरवणाऱ्या रासायनिक विश्लेषणाचा खरा कस तुपासारख्या पदार्थात लागतो, कारण तूप हेच मुळात अनेक मेदांचे नैसर्गिक मिश्रण असते आणि त्यात होणारी भेसळही बहुधा मेदाचीच असते. ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडली गेली की मेदाचा रेणू बनतो. त्यामुळे अस्सल आणि भेसळ यांतील फरक प्रथम या मेदाम्लांतच शोधावा लागतो.

गाई-म्हशींच्या दुधातील मेदात ब्युटिरिक हे अवघ्या चार कार्बन अणूंचे अम्ल असते, जे नेहमीच्या खाद्यतेलांत आढळत नाही. रायकर्ट यांनी १८७९ मध्ये मांडलेली आणि पुढे माइस्ल यांनी सुधारलेली पद्धत याच वैशिष्ट्यावर आधारलेली आहे. तीत ५ ग्रॅम तुपाचे अल्कलीने साबणीकरण करतात, सल्फ्युरिक अम्ल घालून मेदाम्ले मोकळी करतात आणि ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर येणाऱ्या अम्लांपैकी पाण्यात विरघळणारी अम्ले उदासीन करण्यास दशांश नॉर्मल अल्कली किती मिलिलिटर लागते ते मोजतात. ही संख्या म्हणजे रायकर्ट-माइस्ल अंक होय. वाफेबरोबर येणारी, पण पाण्यात न विरघळणारी अम्ले मोजणारा पोलेन्स्के अंक खोबरेल तेलाच्या भेसळीत वाढतो.

तथापि एकच अंक निर्णायक मानणे धोक्याचे ठरते. मुळात ३२ अंक असलेल्या तुपात जवळजवळ शून्य अंकाचे तेल मिश्रणाच्या एक-अष्टमांश इतके मिसळले, तर ढोबळमानाने अंक २८ येतो; तो निर्भेळ तुपाचाही असू शकत असल्याने भेसळ लपून राहते. उलट सरकी भरपूर खाणाऱ्या जनावरांच्या निर्भेळ तुपाचा अंक स्वभावतःच कमी असतो. म्हणूनच भारतीय मानकांत कापूसपट्ट्यातील तुपासाठी वेगळी, खालची मर्यादा ठेवण्यात आली होती.

वनस्पती तूप ओळखता यावे यासाठी त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे भारतात कायद्याने बंधनकारक करण्यात आले. अशा वनस्पती तुपाची भेसळ असलेला तुपाचा नमुना फरफ्युरॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लासह हलवला की अम्लाच्या थरात किरमिजी रंग उमटतो. हीच बोदुआँ चाचणी. मात्र तिळाचा अंश नसलेली भेसळ तिला सापडत नाही. तेथे स्टेरॉल, म्हणजे मेदासोबत अल्प प्रमाणात आढळणारी मेणचट संयुगे, साक्ष देतात : तुपात मुख्यतः कोलेस्टेरॉल असते, तर वनस्पतिजन्य तेलांत बीटा-सिटोस्टेरॉल ठळकपणे आढळते. प्राण्यांच्या चरबीतही कोलेस्टेरॉलच असल्याने तिच्या बाबतीत मात्र हा पुरावाही अपुरा पडतो.

जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये वायु-वर्णलेखनाने मेदाम्लेच एकमेकांपासून वेगळी करून दाखवली. या पद्धतीत वायूच्या प्रवाहाबरोबर नळीतून जाणारे घटक आतील द्रवात कमीअधिक रमतात आणि त्यामुळे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात; त्या दोघांनी बाहेर येणारी अम्ले मोजली तीही अनुमापनानेच, म्हणजे उदासीनीकरणास लागणारी अल्कली मोजून. आज याच तंत्राने तुपातील मेदाम्लांचाच नव्हे, तर अखंड मेदरेणूंचाही आराखडा मिळतो आणि परकी चरबी ओळखण्यास त्याची मोठी मदत होते.

हा आराखडाही जनावराच्या चाऱ्यानुसार बदलतो, आणि म्हणून अस्सल तुपातील नैसर्गिक चढउतारांचा प्रदेशवार अभ्यास हा विश्लेषणाचा अविभाज्य भाग ठरतो. तो नसेल, तर अचूक उपकरणही प्रामाणिक दूधउत्पादकाला दोषी ठरवू शकते. तो असेल आणि परस्परांहून स्वतंत्र अशा अनेक चाचण्या एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवत असतील, तरच मिश्रणाच्या घटनेविषयीचे विधान ग्राहक आणि उत्पादक या दोघांनाही न्याय देणारे ठरते.