पिकअप वाहनाचे पाटे

पाटा किंवा कमानपाटा हा मोटारवाहनाच्या ॲक्सलवर बसविलेला, पोलादी पट्ट्यांच्या थराचा बनलेला लवचीक भाग होय. वाहनाचे व मालाचे वजन पेलणे, रस्त्याचे हादरे सौम्य करणे आणि ॲक्सल चेसिसखाली आपल्या जागी धरून ठेवणे ही तीन कामे तो एकटाच करतो. पिकअप, टेम्पो, ट्रक व ट्रॅक्टरच्या काही ट्रॉल्या यांच्या सस्पेन्शनचा तो मुख्य घटक आहे. जुन्या पिकअप वाहनाचे झिजलेले पाटे, बुश व शॉकअप काढून त्या जागी उत्पादकाचे नवे, सुधारित सुटे भाग बसविणे हा देखभालीचा मान्य मार्ग आहे. याउलट, अधिक माल भरता यावा म्हणून जादा पाटा घालणे ही ग्रामीण भागात रुळलेली, परंतु धोकादायक व नियमबाह्य ठरू शकणारी प्रथा आहे. बाहेरून ही दोन्ही कामे सारखीच दिसतात. त्यांतील भेद या लेखात स्पष्ट केला आहे.

पार्श्वभूमी

पोलादी पाट्यांचा वापर मोटारीपेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये ओबादिया इलियट यांनी १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे एकस्व घेतले. मोटारगाड्या आल्यावर तीच कल्पना त्यांनी उचलली. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीपला पुढे व मागे दोन्हीकडे पाटेच होते. प्रवासी मोटारींनी पुढे गुंडाळी स्प्रिंग स्वीकारली. मालवाहू वाहनांनी मात्र, विशेषतः मागच्या ॲक्सलला, पाटा सोडला नाही. कमी खर्च, सोपी दुरुस्ती आणि मोठा भार चेसिसवर दोन ठिकाणी विभागून देण्याची क्षमता ही त्याची कारणे होत.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात महिंद्र बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त आणि लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नाव दिलेली टाटा एस ही वाहने सर्वत्र आढळतात. टाटा एस २००५ मध्ये, दोस्त २०११ मध्ये आणि योद्धा २०१७ मध्ये बाजारात आली. महिंद्रने २०२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअपची जी मालिका आणली, तिच्यात १.३ टनांपासून २ टनांपर्यंत भारक्षमतेचे वेगवेगळे प्रकार आहेत. बाहेरून बऱ्याच अंशी एकसारख्या दिसणाऱ्या वाहनांची भारक्षमता अशी भिन्न असल्यामुळेच एकाचे पाटे दुसऱ्याला बसविण्याचा मोह निर्माण होतो.

रचना

पाट्यांच्या संचातील सर्वांत वरचा व लांब पाटा मुख्य पाटा होय. त्याची दोन्ही टोके वळवून गोल कड्या केलेल्या असतात. एक कडी चेसिसला पक्क्या आधाराने जोडतात. दुसरी शॅकल या हलत्या दुव्याने जोडतात. भार आल्यावर कमान सपाट होते व पाट्याची लांबी किंचित वाढते. ही वाढ शॅकल सामावून घेते. कड्यांमध्ये रबरी किंवा धातूचे बुश असतात. सर्व पाटे मधोमध सेंटर बोल्टने एकत्र बांधलेले असतात आणि यू-बोल्टने ॲक्सलवर आवळलेले असतात. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरील खाचेत बसते व त्यामुळे ॲक्सल पुढे-मागे सरकत नाही.

भार वाढल्यावरच कामाला लागणारे जादा जाड पाटे काही वाहनांत असतात. त्यांना हेल्पर पाटे म्हणतात. रिकामे वाहन फार न उसळावे आणि भरलेले वाहन फार न दबावे, यासाठी ही दोन टप्प्यांची योजना असते. कारखान्यातून आलेला हेल्पर पाटा हा मूळ आराखड्याचा भाग असतो. नंतर गॅरेजमध्ये घातलेला जादा पाटा तसा नसतो.

पॅराबोलिक पाटा हा तुलनेने नवा प्रकार आहे. त्यात पाटे संख्येने कमी असतात आणि प्रत्येक पाटा मध्ये जाड व टोकांकडे निमुळता होत जातो. पाटे एकमेकांवर घासत नसल्याने घर्षण व गंज कमी होतो आणि वजनातही बचत होते. पारंपरिक संचात पाट्यांमधील घर्षणामुळे हेलकावे काही प्रमाणात आपोआप शमतात. पॅराबोलिक पाट्यात हे घर्षण कमी असल्याने शॉकअप उत्तम स्थितीत असणे अधिक आवश्यक ठरते.

जाडी, संख्या व ताठरपणा

पाट्याचा ताठरपणा त्याच्या संख्येच्या व रुंदीच्या सम प्रमाणात वाढतो. जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढतो. आठ समान पाट्यांच्या संचात तसाच नववा पाटा घातल्यास ताठरपणा साधारण साडेबारा टक्क्यांनी वाढेल. तेच आठ पाटे ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचे घेतल्यास तो जवळजवळ दुप्पट होईल. म्हणून डोळ्यांना ‘थोडा जाड’ वाटणारा पाटा वाहनाची चाल पूर्णपणे बदलू शकतो.

पोलादाची प्रत बदलल्याने ताठरपणात फारसा फरक पडत नाही. सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम-व्हॅनेडियम मिश्रपोलादाचे चांगले पाटे अधिक टिकतात. अधिक ताठ नसतात. हा टिकाऊपणा केवळ धातूतून येत नाही. कारखान्यात पाटा तापवून तेलात बुडवितात, पुन्हा ठरावीक तापमानाला मऊ करतात आणि पृष्ठभागावर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून त्याची थकवा सोसण्याची शक्ती वाढवितात. बसलेला पाटा भट्टीत लाल करून ठोकल्यास कमान पुन्हा दिसू लागते, पण या संस्कारांचा परिणाम नष्ट होतो. असा पाटा थोड्याच काळात पुन्हा बसतो किंवा अचानक तुटतो. वाहनांच्या पाट्यांसाठी भारतीय मानक आयएस ११३५ उपलब्ध आहे.

झीज व तिची लक्षणे

वाहन सपाट जागेवर रिकामे उभे असताना एका बाजूला झुकणे हे पाटा बसल्याचे पहिले लक्षण होय. खड्ड्यातून जाताना खट्ट असा आवाज येणे हे बहुधा बुश किंवा शॅकलची पिन झिजल्याचे चिन्ह असते. सेंटर बोल्ट तुटल्यास ॲक्सल सरकते आणि गाडी सरळ रस्त्यावरही तिरपी चालते. ही अवस्था तातडीच्या दुरुस्तीची आहे. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसणे, वाहन एका धक्क्यानंतर अनेकदा हेलकावणे आणि टायर जागोजागी खोलगट झिजणे ही शॉकअप निकामी झाल्याची लक्षणे होत.

नव्या मूळ भागांनी सुधारणा

उत्पादक एकाच वाहनाचे भाग काळानुसार सुधारतात. जुन्या भागाच्या क्रमांकाऐवजी नवा क्रमांक लागू होतो आणि तो भाग जुन्या वाहनालाही बसतो, असे पुष्कळदा घडते. अशी बदली अधिकृत असते. तिच्यासाठी वाहनाचा चेसिस क्रमांक देऊन अधिकृत विक्रेत्याकडून लागू भाग शोधून घेणे हा खात्रीचा मार्ग आहे. केवळ ‘याच गाडीचा आहे’ या तोंडी हवाल्यावर घेऊ नये. दुसऱ्या प्रकारातील पाटा विचारात घ्यायचाच झाल्यास त्याची रुंदी, कड्यांमधील अंतर, सेंटर बोल्टची जागा, बुशचा व्यास आणि भाराखाली राहणारी कमान ही पाचही मापे जुळली पाहिजेत. मात्र ती जुळली म्हणून वाहनाची भारक्षमता वाढली, असे होत नाही.

काम करताना पुढील दंडक पाळले जातात :

• एकाच बाजूचा संच बदलू नये. एका ॲक्सलचे डावे व उजवे संच जोडीने बदलावेत.
• यू-बोल्ट व त्यांचे नट पुन्हा वापरू नयेत. ते एकदा ताणले गेलेले असतात.
• नवा संच बसविल्यावर काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट ठरवून दिलेल्या बलाने पुन्हा आवळावेत.
• रबरी बुश असल्यास शॅकलचे बोल्ट वाहन चाकांवर उभे करून, म्हणजे नेहमीच्या उंचीवर, आवळावेत. जॅकवर असताना आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते व लवकर फाटते.
• पाट्यांबरोबर बुश, शॉकअप व रबरी बंपस्टॉप तपासावेत. जुन्या शॉकअपसह नवे पाटे हे अर्धेच काम होय.

जादा पाटा आणि भारमर्यादा

वाहनाची भारमर्यादा पाट्यांवरून ठरत नाही. चेसिस, ॲक्सल, चाकाचे बेअरिंग, रिम, टायर व ब्रेक यांतील सर्वांत दुबळा दुवा ती ठरवितो. जादा पाट्याने यांपैकी एकाचीही शक्ती वाढत नाही. उलट वाहन दबत नसल्यामुळे जादा भाराची जी दृश्य खूण चालकाला मिळाली असती, तीच नाहीशी होते. पूर्वी जो भार पाटा तोडून थांबला असता, तो आता ॲक्सल वाकवितो किंवा टायर फोडतो.

ब्रेकवर होणारा परिणाम कमी ज्ञात आहे. अनेक पिकअप वाहनांत मागच्या ॲक्सलजवळ भारसंवेदी झडप असते; मेकॅनिक तिला एलएसपीव्ही म्हणतात. चेसिस व ॲक्सल यांमधील अंतरावरून ती भार ओळखते आणि त्यानुसार मागच्या ब्रेकला कमी-अधिक दाब देते. जादा पाट्यामुळे हे अंतर कमी होत नाही. म्हणून हौदा पूर्ण भरलेला असूनही झडप वाहन रिकामे असल्याचे ‘समजते’ आणि मागच्या ब्रेकला अपुरा दाब मिळतो. घाट उतरताना याचा सगळा ताण पुढच्या ब्रेकवर पडतो व ते तापतात. मूळ पाट्यांचा नवा संच बसविल्यावरही ही झडप उत्पादकाच्या मापानुसार जुळवून घ्यावी लागते.

केवळ मागचे पाटे ताठ केल्याने पुढच्या व मागच्या सस्पेन्शनचा तोलही बिघडतो. रिकाम्या वाहनाची मागची चाके ओल्या किंवा खडबडीत वळणावर पकड सोडतात. मागील भाग उंचावल्याने दिव्यांचा झोत जवळ पडतो आणि प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलून त्याचे सांधे लवकर झिजतात.

कायदेशीर स्थिती

नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी व मान्यता केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार होते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. नोंदणी पुस्तकातील एकूण वजन या मान्यतेवर आधारलेले असते. एकूण वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केले की नेता येणारा भार मिळतो. समजा, एकूण वजन ३,००० किलोग्रॅम व रिकामे वजन १,६०० किलोग्रॅम असेल, तर उरलेल्या १,४०० किलोग्रॅममध्येच माल व माणसे आली पाहिजेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हेच तत्त्व उचलून धरले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा भारासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच वाहनासाठी मान्य असलेला मूळ भाग बसविणे ही दुरुस्ती होय. तिने नोंदणीचा तपशील बदलत नाही.

मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. बीड जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी बीड येथे एमएच २३ व अंबाजोगाई येथे एमएच ४४ या संकेतांकांनी होते.

बीड जिल्ह्यातील वापर

बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर वसलेला असून उत्तरेला गोदावरी नदी आहे. गेवराई व माजलगावकडील काळ्या मातीचा सपाट प्रदेश आणि पाटोदा, आष्टी, धारूर या भागांतील माळरान व घाट यांमुळे पिकअप वाहनाला दोन अगदी भिन्न प्रकारचे रस्ते तुडवावे लागतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवर चाके रुततात व पाट्यांच्या फटींत चिखल भरून गंज चढतो. सोलापूर–धुळे महामार्गावरील मांजरसुंब्याचा घाट आणि खामगाव–पंढरपूर मार्गावरील धारूरचा अरुंद, वळणांचा घाट येथे ब्रेक व सस्पेन्शन या दोहोंची कसोटी लागते.

कापूस, कांदा, दूध, जनावरे आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ यांची बाजारापर्यंतची वाहतूक मोठ्या प्रमाणात लहान मालवाहू वाहनांतून होते. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारातही अशी वाहने दिसतात. जनावरांचा भार स्थिर नसतो. वळणावर तो एका बाजूला कलतो. कापूस वजनाला हलका पण आकाराने उंच असल्याने वाहनाचा गुरुत्वमध्य वर जातो. म्हणून वजन मर्यादेत असूनही बसलेले पाटे किंवा निकामी शॉकअप अशा वाहनाला उलटण्यापर्यंत नेऊ शकतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ट्रक व ट्रॅक्टरबरोबर टेम्पो, पिकअप यांतूनही कोयत्यांची कुटुंबे, धान्य, भांडी व सरपण यांसह प्रवास करतात. मालवाहू वाहनाचे पाटे मालासाठी योजलेले असतात. संसारावर बसलेली माणसे भार उंच करतात आणि अपघातात त्यांना कोणताही आडोसा नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आशा राणी प्रकरणातील २००२ च्या निर्णयानुसार मालवाहू वाहनातून नुसते प्रवासी म्हणून जाणाऱ्यांच्या भरपाईचे दायित्व कायद्याने सक्तीच्या विम्यात येत नाही. त्यामुळे जादा पाटा घालून ‘बळकट’ केलेल्या वाहनाचा धोका मालकापुरता मर्यादित राहत नाही; तो हौद्यात बसलेल्या कुटुंबांवरही येतो.

हे सुद्धा पाहा

• बीड जिल्हा
• बालाघाट डोंगररांग
• ऊसतोड कामगार
• मोटार वाहन कायदा, १९८८