जुन्या बुलेटची कॉईल: बसली म्हणजे जुळली असं नाही

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीवर आहे.

बाबांची जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५०, पॉईंटवाली. गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. मेकॅनिक काका म्हणाले, "कॉईल गेली." मी दुकानातून १०० सीसी गाडीची छोटी कॉईल आणली. वायरी बसल्या, गाडी चालू झाली, मी खूश. दोन दिवसांनी रात्री दिवे घाटात पॉईंट जळून गाडी बंद पडली. चूक माझी, गाडी ढकलली बाबांनी.

आता बघा काय झालं. पॉईंटवाल्या गाडीत पॉईंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉईलमधून वाहत राहतो. पॉईंट उघडले की करंट तुटतो आणि प्लगला हजारो व्होल्टचा झटका मिळतो. सीडीआय गाडीत तसं नसतं. तिथे कपॅसिटर शेकडो व्होल्टला चार्ज होतो आणि क्षणात कॉईलमध्ये रिकामा होतो. म्हणून सीडीआय कॉईलच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स अगदी कमी, बऱ्याचदा १ ओहमपेक्षाही कमी असतो.

शाळेतला ओहमचा नियम आठवतोय? १२ व्होल्ट भागिले ४ ओहम, म्हणजे ३ अँपिअर. पॉईंट हे आरामात झेलतात. तेच ०.५ ओहम असेल तर हिशेब २४ अँपिअरवर जातो. वायरिंगमुळे प्रत्यक्षात थोडा कमी, पण पॉईंट जाळायला पुरेसा. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव तेच होतं, आत कोड वेगळाच होता!

मग कॉईल घेताना काय बघायचं?

एक, गाडी पॉईंटवाली की सीडीआय.

दोन, बॅटरी ६ व्होल्ट की १२. पॉईंटवाल्या गाडीला १२ व्होल्टवर साधारण ३ ते ५ ओहम लागतात, ६ व्होल्टवर साधारण दीड ते दोन.

तीन, मल्टिमीटर दुकानात घेऊन जा. २०० ओहमवर लावा, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि तो आकडा रीडिंगमधून वजा करा.

चार, प्लगच्या वायरकडून सेकंडरी मोजताना कॅप काढा. कॅपमध्ये बऱ्याचदा स्वतःचा ५ किलोओहम रेझिस्टर असतो.

आणि हो, जुनी कॉईल फेकण्याआधी ती गरम असतानाही मोजा, कारण थंड असताना ती खोटं बोलू शकते. कंडेन्सरही बदलून बघा, तो कॉईलपेक्षा स्वस्त असतो.

शेवटी ४ ओहमची कॉईल लावली, नवे पॉईंट टाकले. गाडी उभी करून चावी चालू ठेवायची नाही, हेही शिकलो. पॉईंट मिटलेले राहिले तर चांगली कॉईलसुद्धा तापून जाते.

बाबा आता परत सासवडला जातात. फक्त निघताना विचारतात, "मोजलंस ना रे?"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!