डोंगरगावातील डाळ-भात

कुमाऊँच्या पर्वतराजीत वसलेले अल्मोडा हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. मैदानी प्रदेशातून नोकरीनिमित्त येथे येणाऱ्या आणि मुलांसाठी प्रथमच स्वतः रांधू लागलेल्या आई-वडिलांपुढे एक कोडे उभे राहते. उघड्या पातेल्यात डाळ बराच वेळ खदखदत असते. तरी दाणा बोटांनी दाबून पाहावा, तर तो कच्चाच लागतो. हा दोष शिकणाऱ्याच्या हाताचा नसतो. त्याचे कारण हवेच्या दाबात आहे.

आपण जसजसे वर जातो, तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळू लागते. साधारणतः दर ३०० मीटर उंचीमागे हा उत्कलनबिंदू एका अंशाने खाली येतो. समुद्रकाठी १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी अल्मोड्यात ९५ अंशांच्या आसपासच उकळते. आच वाढविल्याने वाफ अधिक होते. पाणी मात्र अधिक तापत नाही. पाच अंशांचा हा फरक किरकोळ वाटला, तरी डाळ मऊ होण्याची क्रिया त्यामुळे बरीच मंदावते.

फ्रेंच संशोधक दनी पापँ याने १६७९ साली तयार केलेल्या घट्ट झाकणाच्या भांड्यात यावरील उपाय सापडतो. वाफ कोंडली की आतील दाब वाढतो, आणि दाब वाढला की उत्कलनबिंदूही वर चढतो. आपला प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. अल्मोड्याच्या उंचीवरही त्यात ११५ अंशांच्या पुढे तापमान मिळते. म्हणूनच डोंगरातील स्वयंपाकघरात कुकर ही चैनीची वस्तू नसून गरजेची वस्तू होय.

ही गरज केवळ वेळेच्या बचतीची नाही. पहाडात राजमा आवडीने खाल्ला जातो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते; मंद आचेवर अर्धवट शिजलेले थोडे दाणेही ओकाऱ्या व जुलाब होण्यास पुरेसे ठरतात. यासाठी राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात, कुकरमध्ये, दाणा सहज चिरडेल इतका शिजवावा. लहान मुलांच्या ताटात तो वाढण्यापूर्वी एक दाणा दाबून पाहण्याची सवय असावी.

स्थानिक बाजारातील गहत म्हणजे आपले कुळीथ, भट म्हणजे काळे सोयाबीन आणि मडुवा म्हणजे नाचणी. गहत व भट रात्री भिजवावे लागतात; मसूर आणि मुगाची डाळ मात्र धुऊन लगेच शिजविता येते. ज्याला सकाळी कामावर जायचे आहे, त्याचा स्वयंपाक अशा रीतीने आदल्या रात्रीच, एका वाटीभर पाण्याने, सुरू होतो. कुकर डाळीने व पाण्याने मिळून निम्म्याहून अधिक भरू नये, कारण फेस वर येऊन वाफेची वाट बंद होऊ शकते. टोमॅटो, चिंच किंवा लिंबू डाळ शिजल्यानंतर घालावे. आंबटपणामुळे दाणा लवकर मऊ होत नाही. आणि आतील वाफ पूर्ण निवाल्याखेरीज झाकण कधीही ओढू नये.

डाळीसोबत भाताचा डबा लावला की एकाच आचेवर सबंध जेवण तयार होते. हा मेळ पोषणाच्या दृष्टीनेही योग्य आहे. तांदळात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी पडते, त्याची भरपाई तांदूळ करतो. वरून जिऱ्याची, अथवा कुमाऊँच्या रीतीप्रमाणे जंबू या सुगंधी वनस्पतीची, तुपातील फोडणी दिली म्हणजे साध्या डाळीला त्या प्रदेशाची चव येते.

पाककृतींची लांबलचक यादी पाठ करण्याची नवशिक्याला आवश्यकता नाही. पाणी, उष्णता आणि दाब यांचे परस्परसंबंध एकदा समजले की मसूर असो वा गहत, प्रत्येक दाण्याला किती भिजवण व किती आच हवी हे थोड्याच दिवसांत हाताला कळू लागते. आणि संध्याकाळी उशिरा घरी परतल्यावरही मुलांपुढे गरम, पुरते शिजलेले अन्न ठेवता येते.