ज्यू धर्मातील पवित्र ग्रंथ आणि धार्मिक जीवन

प्रस्तावना

ज्यू धर्माचा धर्मग्रंथ कोणता, या प्रश्नाला मराठीत बहुधा ‘जुना करार’ असे उत्तर दिले जाते. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नसले तरी दिशाभूल करणारे आहे. ‘जुना’ हे विशेषण ख्रिस्ती परंपरेने दिलेले आहे. नवा करार न मानणाऱ्या समाजाच्या दृष्टीने त्याचे शास्त्र जुने ठरत नाही. शिवाय ज्यू माणसाचा आहार, विवाह, घटस्फोट व विश्रांतीचा दिवस ज्या वाङ्मयाने नियंत्रित केला, त्याचा फार मोठा भाग बायबलमध्ये मुळी नाहीच. प्रस्तुत लेखात या वाङ्मयाचा मुख्यत्वे विचार केला आहे.

लिखित तोरा

हिब्रू शास्त्रसंग्रहास ‘तनाख’ म्हणतात. तोरा (मोशेची पाच पुस्तके), नेविईम (संदेष्टे) आणि केतुविम (इतर लेख) या तीन विभागांच्या आद्याक्षरांपासून हे नाव बनले. ज्यू गणनेप्रमाणे त्यात २४ पुस्तके येतात. तिन्ही विभागांत तोराचा अधिकार सर्वोच्च मानला जातो.

सभास्थानात वाचला जाणारा तोरा छापील नसतो. शुद्ध मानलेल्या प्राण्याच्या चामड्यावर प्रशिक्षित लेखनिक तो हाताने लिहितो. एक अक्षर गळाले तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनास अपात्र ठरते. वाचक तिला बोट लावत नाही. ओळ दाखविण्यासाठी टोकाला हाताचा आकार असलेली दर्शिका वापरतो. शनिवारी, तसेच सोमवारी व गुरुवारी वाचन होते. वर्षभरात संपूर्ण तोरा वाचून होतो आणि ‘सिमहत तोरा’ या सणाच्या दिवशी शेवटचा भाग संपताच लगेच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला आरंभ केला जातो. जीर्ण झालेल्या गुंडाळीचे दफन करतात. ग्रंथाला माणसासारखा अंत्यविधी देणारी ही प्रथा त्याच्याविषयीचा भाव पुरेसा स्पष्ट करते.

मौखिक तोरा

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञ थांबले व पुरोहितवर्गाचे महत्त्व ओसरले. त्यानंतर धर्माचे केंद्र वेदीकडून ग्रंथाकडे आणि पुरोहिताकडून रब्बीकडे, म्हणजे शास्त्रज्ञाकडे, सरकले. मोशेला लिखित तोराबरोबर त्याचे मौखिक विवरणही मिळाले, अशी रब्बींची श्रद्धा होती. ही मौखिक परंपरा इ. स. २०० च्या सुमारास येहुदा हनासी यांनी ‘मिश्ना’ या सहा विभागांच्या ग्रंथात संकलित केली. मिश्नावरील चर्चा, म्हणजे ‘गमारा’, आणि मिश्ना मिळून ‘तालमुद’ सिद्ध झाला. जेरुसलेमचा व बॅबिलोनचा असे दोन तालमुद आहेत. त्यांपैकी बॅबिलोनचा अधिक प्रमाण मानला जातो.

या विवरणाची गरज एका उदाहरणाने लक्षात येईल. सातव्या दिवशी काम करू नये, अशी तोराची आज्ञा आहे. पण काम म्हणजे काय, हे तोरा फारसे सांगत नाही. मिश्नाने पेरणी, कापणी, विणणे, लिहिणे, अग्नी पेटविणे असे कामाचे ३९ प्रकार सांगितले. शनिवारी विजेचा दिवा लावावा की नाही, हा विसाव्या शतकातील वाद याच यादीच्या आधारे लढला गेला.

तालमुदचे खरे वैशिष्ट्य मात्र निर्णयापेक्षा वादात आहे. हिल्लेल आणि शम्माई यांच्या संप्रदायांचे मतभेद त्यात जपून ठेवले आहेत; अमान्य झालेले मतही पुसलेले नाही. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेविषयीची कथा तर प्रसिद्धच आहे. रब्बी एलिएझर यांनी आपल्या मताच्या पुष्टीसाठी चमत्कार घडवून दाखविले, आकाशवाणीही त्यांच्याच बाजूने झाली. तरीही, तोरा आता स्वर्गात नाही, या युक्तिवादाने बहुमताने त्यांचे मत फेटाळले. ईश्वरी ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार मानवी सभेकडे आहे, असा हा धीट दावा आहे.

छापील तालमुदाच्या पानावरही हा वाद दिसतो. मध्यभागी मूळ, एका बाजूला अकराव्या शतकातील राशी यांची टीका, दुसऱ्या बाजूला त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांची भर. मधोमध मूळ व वरखाली टीका असलेली संस्कृतची त्रिपाठी हस्तलिखिते पाहिलेल्या अभ्यासकास ही रचना अपरिचित वाटणार नाही. १९२३ पासून रोज तालमुदाचे एक पत्र वाचण्याचा उपक्रम जगभर चालतो. त्याच्या एका आवर्तनास सुमारे साडेसात वर्षे लागतात. कराइट पंथाने मात्र मौखिक तोराचा अधिकार नाकारला.

ग्रंथाविना राहिलेला समाज

मौखिक तोराचे महत्त्व कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासातून वेगळ्या रीतीने प्रत्ययास येते. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नौगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. तेल गाळण्याच्या व्यवसायात असूनही शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. सुंता, आहाराचे काही नियम आणि ‘शेमा’ ही एकेश्वरत्वाची प्रार्थना एवढे त्यांच्यापाशी उरले होते. तालमुद नव्हता.

१७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभारले. हिब्रूचे शिक्षण मात्र बऱ्याच अंशी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून मिळाले. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ चे आहे. धर्मांतराच्या हेतूने दिलेल्या या शिक्षणाने समाज आपल्याच शास्त्राकडे वळला, हा इतिहासातील विरोधाभास होय. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचा ‘हग्गादा’ हिब्रू व मराठीत सचित्र छापला गेला. त्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेशात दिसतात.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे काही रब्बींनी त्यांच्याशी विवाह लावण्यास हरकत घेतली. घटस्फोट व विधवेचा दिराशी विवाह याविषयीचे तालमुदी नियम त्यांना ठाऊक नसल्याने पूर्वीचे घटस्फोट अवैध ठरतात आणि पुढील संततीचे धार्मिक स्थान संशयास्पद होते, हा त्यामागील तर्क होता. वंशावळ तपासण्याचा आदेश १९६२ चा. त्याविरुद्ध समाजाने दीर्घ आंदोलन केले आणि १९६४ मध्ये त्या आदेशातून बेने इस्राएलांचा उल्लेख वगळण्यात आला.