मुखरा (के) गावाचा उकिरडा

पैनगंगा ओलांडून विदर्भातून तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबादवरून निर्मलच्या दिशेने जातो, तेव्हा वाटेत इच्चोडा हे मंडलाचे ठिकाण लागते. या मंडलातील मुखरा (के) हे सुमारे ७०० वस्तीचे गाव गेल्या काही वर्षांत चक्क कचऱ्यामुळे नावारूपाला आले. घरोघरचा ओला कचरा वेगळा गोळा करून ग्रामपंचायतीने गांडूळखत तयार केले, ते शेतकऱ्यांना विकले आणि टप्प्याटप्प्याने सुमारे ७ लाख रुपये मिळवले. त्यांतील ४ लाख रुपये खर्चून गावाने ६ किलोवॅटचा सौरवीज संच बसवला. गडगे मीनाक्षी या त्या काळात गावच्या सरपंच होत्या.

आदिलाबादच्या गावांच्या नावांपुढे (के) आणि (बी) ही अक्षरे वारंवार दिसतात. मराठी वाचकाला परिचित असलेल्या खुर्द आणि बुद्रुक या जोडीचीच ती तेलंगणी रूपे होत. हा जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथे तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. ओला आणि सुका यांसाठी तेलुगूत ‘तडि चेत्त’ आणि ‘पोडि चेत्त’ असे शब्द आहेत. कचऱ्याची दवंडी एकाच भाषेत देऊन येथे भागत नाही, ही अडचण गोमंतकातील वसाहतींनाही नवी नाही.

गावपातळीवर हे शक्य होण्यामागे एक प्रशासकीय चौकट होती. तेलंगणाने २०१८ मध्ये नवा पंचायत राज कायदा केला, २०१९ च्या आरंभी सरपंचांच्या निवडणुका घेतल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘पल्ले प्रगती’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यातून ग्रामपंचायतींना ट्रॅक्टर, ट्रॉली आणि कचरा वेगळा करण्यासाठी शेड मिळाली. साधने बहुतेक गावांना मिळाली, मग मुखरा (के) वेगळे का ठरले? त्याचे बरेचसे उत्तर कचरा कोणत्या ठिकाणी वेगळा होतो, यात सापडते.

मराठी खेड्याला उकिरडा नवा नाही. शेण, गोठ्यातील उष्टा कडबा, चुलीची राख, भाजीची देठे हे सारे एका खड्ड्यात पडे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस बैलगाडीने शेतात जाई. वेगळे करण्यासारखे त्यात फारसे नव्हतेच. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, वेफर्सच्या चकचकीत पिशव्या आणि घड्याळाचे सेल उकिरड्यावर पडू लागले, तेव्हा ते खत शेतात टाकण्याजोगे राहिले नाही. नांगराच्या फाळाला प्लास्टिक अडकू लागले. म्हणजे दोन डब्यांची पद्धत ही शहरातून आलेली शिस्त कमी आणि जुना उकिरडा परत मिळवण्याची धडपड अधिक आहे.

हे वेगळे करणे उंबरठ्यावरच व्हावे लागते. एकदा पेज, वरण आणि कागद एका पिशवीत गेले की कागदाला भंगारवाला हात लावत नाही. ओल्या कचऱ्यात गेलेली काच नंतर निवडता येत नाही. ती सफाई कामगाराच्या बोटाला लागते, तेव्हाच कळते. घरी एका मिनिटात होणारे काम शेडमध्ये कामगाराला नाक दाबून तासभर करावे लागते, आणि तेही अर्धेच साधते.

आता ७ लाखांचा हिशेब थोडा तपासून पाहावा. खताला किलोमागे १० रुपये भाव धरला, तर ७ लाखांसाठी ७० टन खत लागते. ७०० माणसांच्या स्वयंपाकघरातून माणशी दीडशे ग्रॅम ओला कचरा निघतो असे मानले, तर वर्षाला ३८ टन होतो. कुजताना त्यातील पाणी आणि वायू निघून जातात आणि हाती साधारण तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे वर्षाला १२-१३ टन. हे ढोबळ गणित आहे, परंतु त्यातून दोन गोष्टी उघड होतात. असे उत्पन्न एका हंगामाचे नसते, ते अनेक वर्षांच्या चिकाटीचे असते. आणि स्वयंपाकघराच्या जोडीला शेण, पालापाचोळा व शेतातील काडीकचरा असल्याशिवाय आकडा मोठा होत नाही. गिऱ्हाईकही बांधाला बांध लावून आहे, खताच्या वाहतुकीवर खर्च होत नाही. शहरी खत प्रकल्प बहुधा येथेच मार खातात.

आदिलाबादचे हवामान मात्र गांडुळांना सोयीचे नाही. खतासाठी सर्रास वापरले जाणारे ‘आयसेनिया फेटिडा’ जातीचे गांडूळ २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात जोमाने काम करते आणि पस्तिशीपुढे मरू लागते. या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्यात तेलंगणातील सर्वांत कडक थंडीही येथेच पडते. म्हणून बेडवर छप्पर हवे, वर ओले गोणपाट हवे आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाण्याचा शिडकावा हवा. ताजा कचरा थेट गांडुळांपुढे टाकला तर तो कुजताना तापतो. त्यामुळे आधी पंधरा-वीस दिवस शेणकाल्यात कुजवावा लागतो. लोणच्याची खार, तळणीचे तेल आणि लिंबाची साले बेडपासून दूर ठेवावी लागतात. कापसाची पऱ्हाटी आणि मक्याची बुरकुंडे बारीक केल्याशिवाय लवकर कुजत नाहीत. जिल्ह्यात पऱ्हाटी मुबलक असूनही ती बहुतांशी जळणात किंवा शेतातच पेटवली जाते.

ओल्या कचऱ्याची गोष्ट अशी जुळून येते, सुक्याची जुळत नाही. लोखंड, काच, पुठ्ठा आणि जाड प्लास्टिक भंगारवाला नेतो. उरतात त्या अनेक थरांच्या पिशव्या आणि पुड्या, ज्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले असते. त्यांना भाव नाही. सिमेंटच्या भट्टीत, जेथे तापमान १४०० अंशांवर जाते, त्या इंधनासोबत जाळता येतात. गोव्यातील पुनर्वापर न होणारा कचराही गासड्या बांधून कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे जातो. आदिलाबादचा स्वतःचा सिमेंट कारखाना १९९० च्या दशकातच बंद पडला. जवळच्या भट्ट्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात किंवा मंचेरियालकडे आहेत. दीडशे घरांच्या गावातून रोज घरटी १०० ग्रॅम सुका कचरा निघाला आणि त्याचा पाचवा हिस्सा अशा पुड्यांचा असला, तर महिन्याला ९० किलो होतात. नऊ टनांचा ट्रक भरायला आठ वर्षे लागतील. एका गावाला हे परवडणारे नाही. म्हणूनच स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक गटासाठी एक प्लास्टिक कचरा प्रक्रिया केंद्र आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये मिळतात. ७०० वस्तीच्या गावाच्या वाट्याला त्यातून ४२ हजार येतात.

किनाऱ्यालगतच्या वेंगुर्ले नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा दोनवर न थांबवता अनेक प्रकारांत निवडायला सुरुवात केली, आणि जुन्या डेपोच्या जागी लोक पाहायला येऊ लागले. तेथे प्रत्येक प्रकाराला घेणारा शोधला गेला होता. उलट मडगावच्या सोनसोडोत वर्षानुवर्षे न निवडता साठलेल्या ढिगाला मे २०१९ मध्ये लागलेली आग गोमंतकीयांच्या स्मरणात आहे. साळगावचा प्रकल्प कितीही आधुनिक असला, तरी त्याच्या दारात येणारी गाडी मिश्र कचऱ्याने भरलेली असेल तर यंत्राचा निम्मा वेळ निवडण्यातच जातो.

आदिलाबादच्या बाबतीत आणखी एक जिन्नस आहे, आणि तो या सर्वांत घातक आहे. हा कापसाचा जिल्हा. फवारणीच्या हंगामात घरोघरी कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे साठतात. टिकाऊ प्लास्टिक असल्याने ते फेकवत नाहीत. कोणी त्यात रॉकेल ठेवतो, कोणी धुऊन पाणी भरतो, उरलेले भंगारात जातात. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणी हंगामात विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा औषध हाताळण्याची चर्चा बरीच झाली, रिकाम्या डब्यांची त्यामानाने थोडी. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार असे डबे पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. ते आधी तीनदा विसळावेत आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, हा कृषितज्ज्ञांचा नेहमीचा सल्ला आहे. गांडूळखताच्या बेडवर अशा बाटलीतील उरलेले औषध सांडले, तर महिन्यांची मेहनत एका दिवसात जाते.

घनकचरा नियम, २०१६ मध्ये घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येत कीटकनाशकांचे डबे नावानिशी होते. एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले आहेत. ते अमलात आणायचे कोणी, हा प्रश्न तेलंगणात अधिक टोचतो. जुलै २०२३ मध्ये राज्यभरातील ग्रामपंचायत सफाई कामगार वेतनाच्या मागणीसाठी संपावर गेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरपंचांची मुदत संपली आणि डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत गावांचा कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे राहिला. निवडून आलेल्या नव्या सरपंचांच्या हाती ट्रॅक्टर, शेड आणि दोन डब्यांची सवय आली आहे. २०१६ च्या नियमांनी शहरांसाठी दर २० चौरस किलोमीटरला घातक कचरा जमा करण्याचे एक केंद्र सांगितले होते. गावासाठी त्याच्या जवळचे ठिकाण म्हणजे खत-औषधांचे दुकान. बाटली तेथूनच आलेली असते आणि शेतकरी पुढच्या फवारणीसाठी तेथेच परत जाणार असतो.