उन्हात गाडीतलं प्लास्टिक वाकलं? नवा भाग घेण्याआधी हे वाचा

आष्टा : एप्रिल-मे महिन्यात सांगली जिल्ह्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो. काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्याही पुढे जातो. दहा-पंधरा उन्हाळे काढलेल्या गाडीत मग दाराची पट्टी फुगते, खांबावरचे कव्हर सुटते, डॅशबोर्डची कड वर येते. मारुती ८०० सारख्या २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या गाडीचा असा भाग नवा मिळणे अवघड. त्यामुळे दुरुस्तीच परवडते.

प्लास्टिक का वाकते?

गाडीच्या आतले बरेचसे भाग पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी किंवा एबीएस या प्लास्टिकचे असतात. पीपीची एक मीटर पट्टी ४० अंशांनी तापली की साधारण ४ ते ६ मिलिमीटर वाढते. तिच्यामागचा पत्रा मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो. क्लिप घट्ट बसल्या असतील, तर वाढलेल्या पट्टीला सरकायला जागा उरत नाही आणि ती मध्येच फुगते. वर्षानुवर्षे असे झाले की बाक कायमचा होतो.

सरळ कशी करायची?

• भाग गाडीतून काढूनच काम करा. मागच्या बाजूला पीपी किंवा एबीएस असा शिक्का असतो, तो पाहा.
• हीट गन लांब धरून सतत फिरवत राहा आणि मागूनच तापवा. समोरून तापवल्यास दाणेदार पोत जाऊन चकाकी येते. लहान भागाला उकळते पाणीही चालते.
• मऊ झाल्यावर सरळ लाकडी फळीवर शिकंज्याने दाबा. पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका, नाहीतर बाक परत येतो.
• तुटलेल्या क्लिप बदला. दोन्ही टोकांची छिद्रे थोडी लांबट करा, म्हणजे पट्टीला सरकायला जागा राहील. हे केले नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार.
• एबीएसची चीर अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या एबीएसने भरता येते. पीपीवर साधा गोंद टिकत नाही. त्याला प्लास्टिक वेल्डिंग लागते.

इथे हात लावू नका

गाडी जुनी म्हणजे एअरबॅग नसेलच, असे समजू नका. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांत १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. पण त्याआधीच्या अनेक महागड्या मॉडेलमध्ये ती होतीच. ‘एसआरएस एअरबॅग’ असे लिहिलेले स्टीअरिंग, डॅशबोर्ड किंवा खांबाचे कव्हर तापवू नका, चिकटवूही नका. ते कव्हर अपघाताच्या क्षणी ठरलेल्या रेषेवरच फाटावे लागते. वाकलेले कव्हर प्रशिक्षित मेकॅनिककडूनच बदलून घ्या.

बाकी उपाय सोपा : गाडी सावलीत लावा. सावली नसेल, तर पुढच्या काचेला सनशेड लावा.