सोमवार-बुधवार, साडेनऊ ते अकरा वीस

तिची कॉलेजची नोंदणी सकाळी सात वाजता उघडणार होती. पावणेसातलाच ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. लॅपटॉप, चार्जर आणि एक दोनशे पानी वही. वहीत आठवडा आखलेला: लेकीची शाळा निळ्या शाईत, गाडी कधी कुणाकडे ते लाल शाईत. ‘काकू, चहा नंतर,’ असं म्हणून तिने लॅपटॉप उघडला.

ती सांगलीची. तिथे सहकारी बँकेत सात वर्षं नोकरी केली आणि लग्नानंतर नवऱ्यामागोमाग कॅलिफोर्नियात आली. त्याचा व्हिसा एच-वन-बी, तिचा एच-फोर. एच-फोरवर सरसकट नोकरी करता येत नाही, पण शिकता येतं. शिकायला म्हणून एफ-वनवर आलेल्या मुलांना पूर्णवेळच शिकावं लागतं, तसं एच-फोरवाल्यांना बंधन नसतं. एकच विषय घेतला तरी चालतो. मला हे कळेपर्यंत इथे चार वर्षं गेली होती. 2013 साली मी पहिला विषय घेतला तेव्हा इथल्या रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला 46 डॉलर होती आणि ती आजही तेवढीच आहे. म्हणजे चार युनिटांचा विषय 184 डॉलरमध्ये. त्यासाठी राज्यात राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला असावा लागतो. तिने तो दिवस भरेपर्यंत वाट पाहिली होती.

शोधाच्या पानावर आधी सत्र निवडायचं, मग विषय. तिने आधी स्टॅटिस्टिक्स शोधायला घेतलं. गेल्या वर्षी तोच विषय केलेल्या मैत्रिणीने विषयाचा क्रमांक लिहून दिला होता. तिने गणित विभाग निवडला, क्रमांक टाकला, बटण दाबलं. एकही वर्ग नाही. ‘या वेळी शिकवतच नाहीत वाटतं,’ ती म्हणाली आणि वहीतली ती ओळ खोडायला निघाली.

मी तिचा हात धरला. हा विषय बंद झालेला नव्हता, त्याचा क्रमांक बदलला होता. कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि वर्षानुवर्षं प्रत्येकाने एकाच विषयाला आपापला क्रमांक दिला होता. एका कॉलेजातून दुसरीकडे जाणाऱ्यांची त्यात फार ओढाताण व्हायची. 2021 साली त्यावर कायदा झाला आणि 2025च्या फॉल सत्रापासून पहिल्या काही विषयांना सगळीकडे एकच क्रमांक मिळू लागला. स्टॅटिस्टिक्स झालं ‘स्टॅट सी1000’. ते आता गणिताच्या यादीत नाही, ‘स्टॅट’ या वेगळ्या नावाखाली आहे. बदल चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण शोधयंत्र विचारलं तेवढंच सांगतं. जुना क्रमांक विचारला तर नवा कुठे आहे हे ते आपण होऊन सांगत नाही, आणि ‘शून्य’ दिसलं की नव्या माणसाला वाटतं, दार बंद आहे.

नव्या नावाने वर्ग सापडले. पण जे वर्गात भरणार होते ते सगळे मंगळवार-गुरुवारी. त्या दिवशी गाडी नवऱ्याकडे. ते गेले. उरले घरून, आपापल्या वेळेने करायचे ऑनलाइन वर्ग, भरपूर जागा असलेले. मी म्हटलं, हा घे, सोयीचा आहे. तिने मान हलवली. ‘घरातच तर बसलेय काकू दीड वर्ष. मला वर्गात जाऊन बसायचंय.’

यावर मी काही बोलले नाही. 2013 साली मलाही नेमकं तेच हवं होतं.

मग अकाउंटिंग. इथे मात्र रांगाच्या रांगा आल्या आणि खरं काम सुरू झालं ते त्या वाचायचं. प्रत्येक रांगेत पाच आकडी क्रमांक, वार, वेळ, खोली, तारखा, शिक्षकाचं नाव, उरलेल्या जागा. नवीन मुली वार आणि वेळ बघतात आणि तारखांकडे दुर्लक्ष करतात. तिनेही तेच केलं. सोमवार-बुधवारचा एक मोकळा वर्ग तिला सापडला, पण तारखा होत्या ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे पूर्ण सत्राचा अभ्यास आठ आठवड्यांत. चार वर्षांच्या मुलीला सांभाळून पहिल्याच विषयात हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या एका वर्गाची रांग मी तिला उघडून दाखवली. खाली आणखी एक ओळ दडली होती: शुक्रवारी दुपारी एक तास. वरवर पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

‘फक्त मोकळे वर्ग दाखवा’ या चौकटीतली खूण मी नेहमी काढायला लावते. तिने काढली आणि यादी दुप्पट झाली. भरलेल्या वर्गांनाही प्रतीक्षा यादी असते, आणि त्या भरलेल्यांतच तिचा वर्ग होता: सोमवार-बुधवार, साडेनऊ ते अकरा वीस. लेकीची शाळा नऊ ते बारा. शेजारी पाठ्यपुस्तकाचा खर्च नसल्याची छोटी खूण. 2016 साली झालेल्या कायद्यामुळे ही खूण ऑनलाइन वेळापत्रकात द्यावी लागते. अकाउंटिंगचं नवं पुस्तक फार महाग पडतं, म्हणून मला ही खूण खोलीच्या क्रमांकाइतकीच महत्त्वाची वाटते.

‘सातच्या आधीच कसा भरला?’ तिचा प्रश्न. माजी सैनिक, अनाथालयांच्या किंवा पालक-कुटुंबांच्या आधाराने वाढलेली मुलं, अपंग विद्यार्थी यांची नोंदणी आधी होते, मग जुने विद्यार्थी, आणि नवे बहुधा शेवटी. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘बरोबर आहे.’ मलाही ते बरोबरच वाटतं.

सात वाजले. क्रमांक टाकला, प्रतीक्षा यादी निवडली. पडद्यावर आलं: तीन.

मग मी तिला माझी चूक सांगितली. 2014 साली मी अशाच एका यादीत दुसरी होते. जागा झाली, पत्र आलं, नाव नोंदवायला चोवीस तास होते. पत्र कॉलेजच्या ईमेलवर आलं आणि मी ते खातं उघडलंच नाही. जागा पुढच्या माणसाला गेली, माझं एक सत्र गेलं. तिने तिथल्या तिथे कॉलेजचं ईमेल फोनवर घेतलं, आवाज मोठा ठेवला. आणि यादी हलली नाही तरी पहिल्या दिवशी वर्गात जायचंच, हेही मी तिला सांगितलं. न आलेल्यांची नावं शिक्षक काढतात आणि समोर बसलेल्यांना यादीच्या क्रमाने प्रवेशाचा संकेतांक देतात. तिसरा क्रमांक त्या दिवशी काही फार मागे नसतो.

तिने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. पाच आकडी क्रमांक लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. मी चहा टाकला. ती नकाशात त्या खोलीची इमारत शोधत होती: गाडी कुठे लावायची, जिना कुठल्या बाजूला.

‘रविवारी कॉलेज उघडं असतं का हो, काकू?’

इमारती बंद असतात, आवार उघडं असतं, मी म्हटलं.

‘मग पिल्लूला घेऊन जाऊन येते. निदान दार तरी बघून ठेवते.’